वीस जण

पहिलं नेत्रशिबिर नेमकं कोणत्या वर्षी झालं, यावर आम्हा तिघा भावंडांचं अजून एकमत नाही. दादा म्हणतो 1968. त्या वर्षी डॉ. एम. सी. मोदींना पद्मभूषण मिळालं, बाबांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि थोड्याच दिवसांत आमच्या घरात पहिली बैठक बसली, असं त्याला पक्कं आठवतं. ताईचं म्हणणं, बैठका तेव्हाच्या असतील, पण शिबिर पुढच्या थंडीतलं. मी तिघांत धाकटी. मला तारखा आठवत नाहीत. एवढंच आठवतं की मी पहिलीत होते, आणि शिबिरानंतर माझं कन्नडचं पुस्तक बाबांनी घेतलं होतं.

आम्ही राहत होतो मल्लेश्वरमच्या एका वठारात. वठार म्हणजे आपल्या चाळीसारखंच, पण बैठं. मध्ये अंगण, एक विहीर, दोन्ही बाजूंना तीन-तीन बिऱ्हाडं. पुढच्या घरात मालकीण अज्जी. आम्ही सोडून बाकी सगळे कन्नड किंवा तमिळ. शंभरेक पावलांवर मेन रोड, आणि पहाटे बाबांच्या कारखान्याची, एच.ए.एल.ची, बस यायची तेव्हा तिच्या घरघरीवर सगळं वठार जागं व्हायचं.

बाबा 1958 साली वाईहून इथे आले. सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकले आणि नोकरी लागली ती वालचंदांनीच सुरू केलेल्या कारखान्यात, याचं त्यांना शेवटपर्यंत अप्रूप होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने 1940 च्या डिसेंबरात हा विमानांचा कारखाना उभा केला. पुढे तो सरकारी झाला. बाबा आले तेव्हा मात्र त्यांना ही हकिगतही माहीत नव्हती आणि कन्नडही येत नव्हतं. आजोबांनी एकच सांगून पाठवलं होतं: स्टेशनवर उतरलास की गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे जा, आपलं कुणीतरी भेटेल.

हे 'आपलं कुणीतरी' फार मोठं होतं. महाराष्ट्र मंडळ 1920 चं. टिळक गेले त्या सालचं. बाबांना पहिली खोली कुणी सांगितली, खानावळ कुठली, बंबाला लाकूडफाटा कुठे मिळतो, सगळं मंडळात भेटलेल्या माणसांकडूनच कळलं. आईचं लग्न होऊन ती आली तेव्हा तिची पहिली मैत्रीण मंडळातल्या हळदीकुंकवात झाली. आमचं लहानपण म्हणजे गणपतीत मंडळाच्या सतरंजीवर मांडी घालून बसणं, पडद्यामागून येणाऱ्या स्पिरिटगमच्या वासात नाटकाची वाट पाहणं, आणि परतताना मॅजेस्टिकच्या चौकात बाबांचं बोट धरून बस शोधणं. गावाला जायचं ते वर्षातून एकदा. पुढे पुण्यापर्यंत मोठी लाइन झाली तेव्हा मिरजेला गाडी बदलावी लागे. फलाटावर चहावाल्याची मराठी हाक ऐकली की आईचा चेहरा बदलायचा. बाकी अकरा महिने तो चेहरा तिला मंडळात सापडायचा.

मंडळाबद्दल मला आजही कृतज्ञता आहे, ती आधी सांगून टाकते. कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात कुणाला असं वाटेल की आम्ही मंडळातून बाहेर पडलो. आम्ही बाहेर पडलो नाही. आमच्या घरातून आणखी एक दार उघडलं, इतकंच.

त्या दाराची हकिगत अशी. बाबांचे कारखान्यातले एक साहेब लायन्स क्लबात होते. लायन्सचं मूळ शिकागोचं. मेल्विन जोन्स नावाच्या विमा व्यावसायिकाने 1917 मध्ये ते सुरू केलं. भारतात ते 1956 मध्ये, मुंबईत आलं. बंगळूरला रोटरी त्याच्या पुष्कळ आधी, 1934 पासून होती, पण रोटरीतली माणसं बाबांच्या मते मोठी: डॉक्टर, बॅरिस्टर, कारखानदार. लायन्सवाले त्यांना जवळचे वाटले. साहेबांनी बाबांना सांगितलं की तुमच्या भागात नवीन क्लब काढा, आमचा क्लब पाठीशी राहील. अट एकच, निदान वीस सभासद हवेत. वीसजणांच्या सह्या झाल्या की चार्टर मिळतो. एकोणीस चालत नाहीत.

पहिली बैठक आमच्या बाहेरच्या खोलीत. आईने चटया घातल्या, चिवडा केला. सगळे मंडळातले, सगळे मराठी. आम्ही तिघं आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून मोजत होतो. अकरा. दुसऱ्या बैठकीला तेरा. तिसऱ्याला पुन्हा अकरा, कारण एकाची बदली झाली आणि एकाच्या घरी वर्गणी देण्यावरून बोलणं झालं. दर महिन्याची वर्गणी तेव्हा चैन वाटावी अशी होती. बाबा रात्री वहीत नावं लिहीत, खोडत. मल्लेश्वरम, राजाजीनगर, शेषाद्रीपुरम इथली सगळी ओळखीची मराठी घरं झाली तरी चौदाच्या वर आकडा जाईना.

तेव्हा आईनेच म्हटलं, "अहो, समोरच्या शेट्टरांना विचारा की."

आज हे वाक्य साधं वाटतं. त्या दिवसांत साधं नव्हतं. महाजन आयोगाचा अहवाल 1967 च्या ऑगस्टमध्ये आला होता. बेळगाव कुणाचं, निपाणी कुणाची, हे रोज वर्तमानपत्रांत होतं. मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध मोर्चे निघत होते, आणि आमच्या वठारातल्या एका घरातला मुलगा तेव्हा मुंबईत, माटुंग्याला नोकरीला होता. त्याची आई विहिरीवर आमच्या आईशी बोलायची थांबली होती. भांडण झालं नाही, काही नाही. फक्त बोलणं थांबलं. लहान मुलांना अशा वेळी काही सांगितलं जात नाही, पण कळतं. ताईला अजून आठवतं की त्या महिन्यांत आई आम्हाला रस्त्यात हळू आवाजात हाक मारायची, मराठी लांबवर ऐकू जाऊ नये म्हणून.

अशा दिवसांत बाबा समोरच्या किराणा दुकानात गेले. शेट्टर तागडी खाली ठेवून ऐकत राहिले, असं दादा सांगतो. तो बरोबर होता. बाबा इंग्रजीत बोलले, शेट्टर कन्नडमध्ये. दोघांनाही अर्धंच कळलं. शेट्टरांनी विचारलं, कशासाठी? बाबांनी डोळ्यावर बोट ठेवलं. शेट्टरांच्या वडिलांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, ते दुकानाच्या मागच्या खोलीत बसून असत. शेट्टरांनी सही केली. मग त्यांनीच चिकपेटेतले त्यांचे कापडाचे व्यापारी आणले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले तमिळ डॉक्टर आले. एक शाळामास्तर आले. आणि नगरथपेटेतले एक शिंपी आले, ते आम्हाला कन्नड वाटले होते. आत येऊन त्यांनी आईला मराठीत विचारलं, "कसे आहात की?"

ही मराठी आम्ही पूर्वी ऐकली नव्हती. त्यांचं घर कित्येक पिढ्या बंगळूरचं. विजापूरकरांनी 1638 मध्ये हे शहर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, हे आम्ही शाळेत वाचलं होतं. पण त्या काळापासून मराठी माणसं इथल्या पेटांमध्ये राहत आली, घरात मराठी बोलत आली, तिच्यात कन्नड इतकं मुरलं की क्रियापदाचं रूप एका भाषेचं आणि हेल दुसरीचा झाला, हे पुस्तकात नव्हतं. आम्ही स्वतःला बंगळूरचे मराठी म्हणवत होतो ते दहा वर्षांच्या हक्कावर. सही करताना त्यांनी आपलं नाव कन्नडमध्ये लिहिलं. मराठी त्यांना वाचता येत नव्हती. बाबा त्या सहीकडे बराच वेळ पाहत होते.

ते सभासद एकोणिसावे. विसावं नाव कुणाचं, यावरही आमच्यात दोन मतं आहेत, ते सोडून देते. वीस झाले.

चार्टर नाइटला बाबांनी लग्नातला कोट घातला. पाकिटावर नावाआधी 'लायन' छापून आलं. बैठका आता मराठीत चालेनात. सुरुवातीला इंग्रजीत, मग कन्नड-इंग्रजीत. मंडळातून आलेल्या दोघा-तिघांना हे रुचलं नाही, त्यांनी येणं कमी केलं. बाबांनाही जड जात होतं. कारखान्यात इंग्रजीवर निभावत होतं, बाजारात आईचं मोडकं कन्नड होतं. दहा वर्षं या शहरात राहून त्यांना कन्नडचं एक अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि तशी गरज पडली नव्हती.

गरज शिबिरात पडली.

मोतीबिंदूची शिबिरं त्या वेळी कर्नाटकात घरोघरी माहीत होती, ती डॉ. मोदींमुळे. बागलकोट भागातला हा माणूस 1943 पासून गावोगाव फिरून शाळांत, देवळांत, छत्रांत म्हणजे धर्मशाळांत शस्त्रक्रिया करत होता. एका दिवसात 833 शस्त्रक्रियांची त्यांची नोंद पुढे गिनीज बुकात गेली. लायन्सचं डोळ्यांशी नातं जुनं. हेलन केलरने 1925 मध्ये अमेरिकेत ओहायोमधल्या त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं, तेव्हापासूनचं. आमच्या क्लबाने मोठं काही योजलं नव्हतं. नेलमंगल आणि मागडीच्या बाजूच्या खेड्यांत दवंडी दिली, एक छत्र आठ दिवसांसाठी मागून घेतलं, सरकारी दवाखान्यातले दोन नेत्रतज्ज्ञ सुट्टी घेऊन यायला तयार झाले. साठ रुग्ण धरले होते. नव्वदच्या वर आले.

आजच्या मुलांना मोतीबिंदू म्हणजे सकाळी जाऊन दुपारी परत येणं एवढंच माहीत आहे. तेव्हा डोळ्यातली भिंगाची गोटी पूर्ण काढत. आत दुसरं भिंग बसवायची सोय नव्हती. टाके उसवू नयेत म्हणून रुग्णाने कित्येक दिवस उताणं पडून राहायचं, डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही, जोराने चावायचं नाही. डोळ्यांवर पट्ट्या. पाणी पाजायला माणूस, भांडं द्यायला माणूस, रात्री हात धरायला माणूस. मग पुढे जाड भिंगाचा चष्मा, बाटलीच्या बुडासारखा. लायन सभासदांनी पाळ्या लावल्या. कापडाच्या व्यापाऱ्याने म्हाताऱ्यांची भांडी उचलली, दादाने हे स्वतः पाहिलं. त्याच्या आयुष्यात त्याने पुढे जे काही केलं त्यात त्या दृश्याचा वाटा आहे असं तो म्हणतो, आणि तो उगाच काही म्हणणारा नाही.

स्वयंपाक आईकडे. तिने मऊ वरणभात केला. पहिल्या दिवशी निम्म्या पत्रावळी तशाच परत आल्या. या खेड्यांतल्या माणसांचं पोट रागीचं, नाचणीचं. भाताने त्यांची भूक भागेना, आणि सांगणार कुणाला? दुसऱ्या दिवशी पहाटे मालकीण अज्जी छत्रात येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर विहिरीवर बोलणं थांबवलेली ती बाई. अज्जींनी आईच्या हातातला डाव घेतला. रागी मुद्दे कशी उकडायची, काठीने कशी घाटायची, ओल्या हाताने कशी वळायची, ते त्या दोघींनी तिला शिकवलं. मुद्दे चावायची नसते. सारात बुडवून गिळायची असते. जबडा हलवायची मनाई असलेल्या माणसांना याहून योग्य अन्न नव्हतं.

त्या दिवसापासून विहिरीवरचं बोलणं सुरू झालं. माटुंग्याचा विषय कुणी काढला नाही.

आणि त्याच दिवशी ती चूक झाली. नावनोंदणीला बाबा बसले होते. रुग्णाचं नाव, गाव, कोणता डोळा, हे चिठ्ठीवर लिहायचं. बाबा ऐकून देवनागरीत लिहीत. एकाच नावाच्या दोन म्हाताऱ्या आल्या. दोघींचं गाव होसहळ्ळी. बाबांना काय माहीत की या मुलुखात प्रत्येक तालुक्यात एक तरी होसहळ्ळी असते! त्यांना वाटलं एकच बाई दोनदा सांगते आहे. त्यांनी एक चिठ्ठी फाडली, उरलेली पुढे गेली. शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे नेताना त्यातली एक म्हातारी बाबांचा हात धरून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ई कण्णल्ल, ई कण्णल्ल." बाबा तिला धीर देत होते. त्यांना वाटलं ती घाबरली आहे. मुद्दे घेऊन येणाऱ्या त्या शेजारणीने ते ऐकलं आणि पातेलं खाली ठेवून ओरडली. हा डोळा नव्हे, असं ती म्हातारी सांगत होती.

डॉक्टरांनी काम थांबवलं. सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या, शाळामास्तरांनी, कन्नडमध्ये. कुणाला इजा झाली नाही. पण बाबा त्या रात्री जेवले नाहीत. छत्राच्या पायरीवर बसून होते. "ती मला सांगत होती, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो," एवढंच आईला म्हणाले. आईने आम्हाला हे फार वर्षांनी सांगितलं.

शिबिर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, तुझं पुस्तक दे. मी पाटीवर 'अ' गिरवत होते, त्यांनी शेजारी दुसरी पाटी घेतली. कारखान्यात विमानाच्या पंख्यांची मापं घेणारा माणूस पहिलीच्या मुलीला विचारत होता, हे कसं वळवायचं. ओत्तक्षरं त्यांना फार छळायची. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग अक्षराच्या खाली लहान आकारात लिहितात, त्याला ओत्तु म्हणतात. देवनागरीच्या सवयीने त्यांचा हात पुढे जायचा, खाली जायचा नाही. मी त्यांना रागावायचे. शाळेत बाई जशा रागवत तशी. ते निमूट ऐकून पुन्हा लिहायचे.

त्या वर्षी कधीतरी बाबा आम्हाला नरसिंहराजा कॉलनीत गोखले संस्थेत घेऊन गेले. डी. व्ही. गुंडप्पांनी, म्हणजे डीव्हीजींनी, 1945 मध्ये ती स्थापन केली, आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने. पुढे 1970 मध्ये बंगळूरकरांनी डीव्हीजींना 90 हजारांची थैली दिली, ती त्यांनी तिथल्या तिथे संस्थेला देऊन टाकली. परतीच्या बसमध्ये बाबा बराच वेळ बोलत होते. गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला तो 1905 मध्ये. शिकागोत पॉल हॅरिसने पहिला रोटरी क्लब काढला तोही 1905 मध्येच. एकमेकांची गंधवार्ता नसलेली माणसं. एकीकडे आजन्म सेवेची शपथ, दुसरीकडे कामधंदा सांभाळून आठवड्याला भेटणं. बाबा म्हणाले, आपल्याला पहिलं जमणारं नाही, आपण दुसऱ्यातले. पण कन्नड माणसाने मराठी माणसाचं नाव दारावर लावलं आहे, तर आपल्याला निदान ती पाटी वाचता यायला हवी.

आता आईबद्दल. क्लबाच्या जुन्या वहीत वीस नावं आहेत. वीसही पुरुषांची. नियमच तसा होता, लायन्सने बायकांना सभासद करून घ्यायला 1987 उजाडलं. तोवर पहिल्या वीसांतले सहा वारले होते. आईने अठरा-एकोणीस शिबिरांचा स्वयंपाक केला, रुग्णांच्या पट्ट्या धुतल्या, रागी दळून आणली. अज्जी, ती शेजारीण, शेट्टरांची सून, शिंप्यांची बायको, या सगळ्या पाचव्या-सहाव्या शिबिरापर्यंत इतक्या सरावल्या की पुरुषांनी फक्त छत्र ठरवायचं, बाकी या पाहत. संक्रांतीला आईचं हळदीकुंकू आणि त्यांचं अरिशिण-कुंकुम एकाच दिवशी, एकाच अंगणात होऊ लागलं. तीळगूळ आणि एळ्ळु-बेल्ल शेजारी-शेजारी. 1987 नंतर आईने अर्ज भरला. कधीपासून सभासद, असा एक रकाना त्यात होता. तिने चालू साल घातलं. बाबांनी पेन हातात घेऊन ते खोडायला सुरुवात केली, तर तिने त्यांचा हात धरला. नियमाप्रमाणे तिचं बरोबर होतं. आम्हा तिघांना मात्र तो रकाना अजून टोचतो.

पहिल्या शिबिरात शिल्लक पडलेल्या पैशांतून क्लबाने एक मोठं पितळी पातेलं घेतलं. मुद्देच्या मापाचं, दोन कान असलेलं, आतून कल्हई केलेलं. ते आमच्याकडेच राहायचं. भांड्यावर नाव घालायचं ठरलं तेव्हा चिकपेटेतल्या दुकानदाराने कागद पुढे केला, काय लिहू? बाबांनी स्वतः लिहून दिलं, कन्नडमध्ये, मला बरोबर घेऊन गेले होते तरी मला न विचारता. घरी आल्यावर मी वाचलं. क्लबाचं नाव बरोबर होतं. मल्लेश्वरममधला ओत्तु राहून गेला होता. एका 'ल'खाली दुसरा 'ल' हवा होता, तो नव्हता. ठोकून कोरलेलं, पुसता येणारं नाही. मी सांगितलं. बाबांचा चेहरा लहान मुलासारखा पडला. अज्जींनी ते वाचून पाहिलं आणि म्हणाल्या, रायरे, कळतंय ना, पुरे.

वठार पाडलं गेलं, तिथे चार मजली इमारत आहे. शिबिरं मोठ्या रुग्णालयांत गेली, चावण्याची मनाई गेली. पातेलं ताईकडे आहे. 2020 च्या टाळेबंदीत गावी जायला निघालेल्या मजुरांसाठी तिने आणि तिच्या इमारतीतल्या बायकांनी त्यात महिनाभर चित्रान्न केलं. तेव्हाच त्याचा एक कान निखळला. टाळेबंदी उठल्यावर ती ते तांबटाकडे घेऊन गेली. तांबट म्हाताराच होता. कान लावता लावता त्याने अक्षरांवर बोट फिरवलं आणि म्हणाला, अक्का, इथे एक ओत्तु राहिलाय, मी घालून देतो, पैसे नकोत.

ताई नको म्हणाली. कान पक्का झाला की नाही ते उचलून पाहिलं, आणि रिक्षात घालून घरी आणलं.